एमबीए सोडून संशोधनाकडे: खिशाला किती पडतं?

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनची बरीच मुलं पदवीनंतर पनवेल-मुंबईला एमबीए, एमसीएला जातात. पहिलं सत्र संपेपर्यंत एखाद्याला कळून चुकतं की आपला ओढा संशोधनाकडे आहे. अशा वेळी नव्या फीपेक्षा जुना प्रवेश कोणत्या तारखेला सोडता, यावर खर्च जास्त ठरतो.

सोडायलाच हवं का?
यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी 55 टक्क्यांनी (राखीव प्रवर्गाला 50) मिळाली की पीएचडीला अर्ज करता येतो. व्यवस्थापनातच संशोधन करायचं असेल तर एमबीए पूर्ण करा; बदलाचा खर्च शून्य. विषयच बदलायचा असेल तर गोष्ट वेगळी. अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत 1904 पासून नोंदी होतात. ती चालवणाऱ्या नवीन पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेत पीएचडी करायची, तर भौतिकशास्त्रासारख्या विषयातली एमएस्सी हवी. इंजिनिअर असाल तर लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात एमटेक आणि पीएचडी, दोन्ही आहेत.

फी किती परत मिळते?
सीईटी सेलमार्फत झालेला प्रवेश ठरलेल्या तारखेपर्यंत रद्द केला तर 1,000 रुपये कापून बाकी फी मिळते. तारीख उलटली की हाती येते फक्त अनामत. एमए, एमकॉम, एमएस्सीसाठी यूजीसीचं 2018 चं कोष्टक आहे. प्रवेशाच्या अंतिम तारखेच्या आधी 15 दिवस किंवा त्याहून लवकर सोडल्यास पूर्ण फी (प्रक्रिया शुल्क 5 टक्के, कमाल 5,000 रुपये), त्यानंतर अंतिम तारखेपर्यंत 90 टक्के, पुढच्या 15 दिवसांत 80, तिसाव्या दिवसापर्यंत 50 आणि नंतर शून्य. समजा फी 60,000 आहे. सोळाव्या दिवशी अर्ज दिला तर पंधराव्याच्या तुलनेत 18,000 रुपये बुडतात. काही वर्षी यूजीसी जास्त सवलत देते, म्हणून चालू वर्षाचं परिपत्रक आधी पाहा.

पुढचा खर्च, पुढची मिळकत
नेटचा अर्ज खुल्या गटाला 1,150 रुपये, इतर मागास आणि ईडब्ल्यूएसला 600, अनुसूचित जाती-जमातींना 325. जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं दरमहा 37,000 रुपये, शिवाय घरभाडं भत्ता. गेट उत्तीर्ण होऊन एआयसीटीईमान्य संस्थेत एमटेक केलं तर दरमहा 12,400 मिळू शकतात. पीएचडीसाठी बार्टी, सारथी, महाज्योतीच्या अधिछात्रवृत्त्याही आहेत. महाडीबीटीची शिष्यवृत्ती किंवा शैक्षणिक कर्ज चालू असेल, तर अभ्यासक्रम बदलल्यावर त्याचं काय होणार, हे समाजकल्याण कार्यालयाला आणि बँकेला आधी विचारा.

पावसाळ्याचा हिशेब
प्रवेशाची धावपळ नेमकी पावसाळ्यात येते. तेव्हा मांडवा-गेटवे लाँच बंद असते. रो-रो मिळाली तर ठीक, नाहीतर पेण-पनवेलमार्गे एसटी. कार्यालयात चार खेपा होणार हे धरूनच पैसे आणि दिवस बाजूला ठेवा.

सही करण्यापूर्वी
- नवा प्रवेश निश्चित झाल्याशिवाय जुना रद्द करू नका.
- मूळ गुणपत्रिका अडवून ठेवण्याचा अधिकार कॉलेजला नाही.
- टीसी आणि विद्यापीठ बदलत असेल तर मायग्रेशन प्रमाणपत्र एकाच खेपेत मागा.
- रद्द करण्याच्या अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्या. परताव्याचे टक्के त्याच तारखेवरून मोजले जातात.