वही तुझी ठेव

अगं, आशा सेविका म्हणून तुझी निवड झाली, फार बरं वाटलं. आता पहिल्याच महिन्यापासून एक वही ठेव. सरकारी डायरी वेगळी, ही तुझी स्वतःची.

आपल्याला पगार नाही, मोबदला; काही ठरावीक, काही कामागणिक. बाळंतपण दवाखान्यात झालं तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळाला बघायला जायचं. घरी झालं तर पहिल्या दिवशीही. सगळ्या भेटी पुऱ्या झाल्या की 250 रुपये. पण पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर चढलं की भामरागडचा रस्ताच बंद होतो. नाल्यापलीकडच्या टोल्यावर चौदावा दिवस कसा गाठशील? बाळंतिणीच्या सासूला माडिया भाषेत समजावता समजावता दुपार गेली, तर त्या वेळेसाठी कुठल्याच फॉर्मात रकाना नाही. म्हणून लिहीत जा: कधी निघालीस, कुठल्या नाल्यावरून परत फिरलीस, वजन किती भरलं, गटप्रवर्तक ताईंना कधी कळवलंस.

आणि ऐक, घरी जाऊन बाळ बघण्याचं हे काम आपल्याच गडचिरोली जिल्ह्यात घडलंय. ‘सर्च’ संस्थेच्या अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांना आरोग्यदूत केलं. 39 गावांत नवजात बाळांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी कमी झाले, 1999 साली ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. मोजणी न येणाऱ्या सुइणींना बाळाचे श्वास मोजता यावेत म्हणून त्यांनी मण्यांचं साधन बनवलं होतं. काम करणारीला काय जमेल हे आधी बघितलं, मग काम आखलं. मला ते फार मोलाचं वाटतं. उलट पोषण ट्रॅकर हे मोबाइल ॲप इंग्रजीतून अंगणवाडी सेविकांच्या हाती दिलं; 2021 मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले. त्यांचं काही चुकलं नाही.

तेव्हा मासिक सभेत गप्प बसू नकोस. एकटीने बोलायला जड जातं, चौघी मिळून बोला. आशांच्या मोबदल्यात 2024 मध्ये 5,000 रुपयांची वाढ मंजूर झाली, ती बायका संपावर गेल्या, मुंबईत मैदानात बसल्या म्हणून. कुणी म्हणेल, ही तर सेवा आहे, हिशेब कसला मागता? सेवा आपण मनापासूनच करतो गं. पण नोंद नसली की पुढचं काम आखणाऱ्याला वाटतं, टोल्यावर पोचायला काहीच लागत नाही.

पहिला मोबदला खात्यात जमा झाला की वही घेऊन ये. दोघी मिळून ताडून पाहू.