गावचा माल गावच्या ताटात : गोंदिया जिल्ह्यातील स्थानिक भोजनगृह

गोंदिया जिल्हा हा भाताचा, तलावांचा व वनांचा मुलूख आहे. नागझिरा व नवेगाव येथील वनांचा मिळून 2013 साली व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. ही वने व नवेगावबांधचा तलाव पाहण्यास बाहेरगावचे पाहुणे येतात. त्यांच्या ताटात परगावचा माल वाढला गेल्यास त्यांनी दिलेला पैसा गावात थांबत नाही. म्हणून बचत गटाने वा शेतकरी कुटुंबाने स्थानिक मालावर चालणारे भोजनगृह कसे उभारावे, याचा येथे विचार केला आहे.

हिशेब

एक क्विंटल धान भरडल्यास सुमारे 67 किलो तांदूळ मिळतो. एका ताटास 150 ग्रॅम तांदूळ लागतो असे धरल्यास त्यातून सुमारे 445 ताटे होतात. धान विकणाऱ्यास एकदाच धानाची किंमत मिळते. ताट विकणाऱ्यास भरडाई, स्वयंपाक व वाढप यांचाही मोबदला मिळतो. मात्र सरपण, मसाला, मजुरी व वाया गेलेले अन्न हा खर्च रोज वहीत मांडावा. घरची मजुरी फुकट धरून काढलेला नफा खरा नव्हे.

ऋतूप्रमाणे ताट

वर्षभर एकच यादी ठेवू नये. पावसाळ्यात रानभाज्या व अंबाडी, हिवाळ्यात तलावातील शिंगाडा, धुऱ्यावरील तुरीचे वरण व जवसाची चटणी, उन्हाळ्यात तांदळाची आंबील व वाळवणे, अशी वाटणी करावी. मासळी गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेकडून घ्यावी. मासळीच्या विणीच्या काळात ती ताटातून वगळावी. पुरवठा किती होईल हे आधी विचारून मगच पाहुण्यांची संख्या ठरवावी.

मोहफूल

मोहाची फुले मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळतात. त्या वेळी रोख पैशाची निकड असल्याने अनेक कुटुंबे ती लगेच विकून टाकतात. फुले स्वच्छ कापडावर वेचून, पूर्ण वाळवून हवाबंद डब्यात ठेवल्यास ती पुढे लाडू, खीर व सरबतास उपयोगी पडतात. फुलांत साखर विपुल असल्याने ओलसर राहिलेली फुले व शिळे सरबत लवकर आंबतात. म्हणून सरबत उकळून गाळावे, रोज ताजे करावे व उरलेले दुसऱ्या दिवशी देऊ नये.

फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळण्याची रीत सोडून द्यावी. त्या आगीने रोपटी जळतात व वणवाही पेटतो. पाचोळा झाडून जुने लुगडे वा जाळी अंथरल्यास फुले स्वच्छ मिळतात आणि उद्याचे झाडही वाचते.

कायद्याची मर्यादा

महाराष्ट्र शासनाने 2021 साली मोहफूल गोळा करणे, साठविणे व वाहून नेणे यांवरील निर्बंध उठविले. यावरून मोहाची दारू गाळण्यास मोकळीक मिळाली, असा समज कोणी करून घेऊ नये. दारू गाळणे व विकणे यांस परवाना लागतोच. नाशिककडील द्राक्षांच्या वाइन उद्योगास 2001 च्या राज्य धोरणाने चालना मिळाली, तीही परवान्याच्या चौकटीतच. शेजारच्या मध्य प्रदेशाने 2022 साली आदिवासींच्या मोहमद्यास वारसा मद्य म्हणून मान्यता देण्याचे धोरण स्वीकारले. ते त्या राज्यापुरते आहे. भोजनगृहात मद्यविक्रीचा विचार असल्यास प्रथम राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे चौकशी करावी. तोपर्यंत न आंबवलेले मोहसरबतच द्यावे. खाद्यपदार्थांच्या विक्रीसाठी अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 अन्वये नोंदणी करून घ्यावी. वनोपज घेताना ग्रामसभेचा निर्णय व वनविभागाचे नियम पाळावेत. संरक्षित क्षेत्रातून काहीही आणू नये.

कार्यकर्त्यांचे काम

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आरंभी इमारतीचा आग्रह धरू नये. एखाद्या घराची स्वच्छ पडवी, शुद्ध पाणी, दहा ताटे व आठवड्याचे दोन दिवस एवढ्यावर प्रयोग करून पाहावा. तीन महिन्यांची वही तपासून मगच कर्जाचा विचार करावा. खाणारे वाढले म्हणून तलाव व वन यांवर भार वाढू लागला, तर ताटे कमी करावीत. ज्या तलावातून व ज्या झाडाखालून ताट भरते, ते टिकले तरच भोजनगृह टिकेल.