सही करायच्या आधी पिवळं स्टिकर बघ

अगं, काल रात्री तू पाठवलेले फोटो बघितले. ट्रेलर छानच आहे. भिंतीसकट बाहेर सरकणाऱ्या तीन स्लाइड, मागे मोठाल्या खिडक्या, आणि ओट्यावर कुकर नि मिक्सर शेजारीशेजारी मावतील एवढी जागा. तू कशावर भाळलीस ते मला बरोब्बर कळलं. पण खाली तू लिहिलंस, "सेल्समन म्हणाला, तुमचा ट्रक सहज ओढेल", आणि माझी झोपच उडाली. सहा वर्षांपूर्वी इथे ह्यूस्टनमध्ये एका डीलरने आम्हालाही अगदी हेच ऐकवलं होतं.

खोटं नव्हता बोलला तो. ट्रकने ओढला की! पाठीवर किती भार येणार, ते मात्र ना त्याने सांगितलं, ना आम्ही विचारलं.

आप्पांची बैलगाडी आठव. मागे पोती जास्त झाली की गाडी उलाळ व्हायची आणि जू वर उचललं जायचं. पुढे जास्त झाली की बैलांच्या मानेवर ओझं. तुझा ट्रेलर फिफ्थ व्हील जातीचा, म्हणजे तीच गाडी. बराचसा भार तिच्या स्वतःच्या चाकांवर, उरलेला ट्रकच्या पाठीवर. ट्रकवर येतो त्याला पिन वेट म्हणतात, आणि भरलेल्या फिफ्थ व्हीलच्या वजनाच्या साधारण 20 ते 25 टक्के तो असतो. ट्रकच्या मागे हुकाला जोडतात त्या साध्या ट्रेलरचा 10 ते 15 टक्केच. त्यामुळे तसला ट्रेलर दहा वर्षं ओढलेल्या माणसाचा सल्लासुद्धा इथे उपयोगाचा नाही. तुझ्या दिरांचाही नाही, त्यांना सांगू नकोस मी असं म्हणाले म्हणून.

आता ट्रेलरवरचं स्टिकर. बाहेरून, डाव्या अंगाला, पुढच्या बाजूला असतं. त्यावर जीव्हीडब्ल्यूआर म्हणजे सामानसुमानासकट ट्रेलरचं जास्तीत जास्त वजन, आणि जीएडब्ल्यूआर म्हणजे एकेका एक्सलने किती पेलायचं ते. आमच्या ट्रेलरवर होतं 14,000 पौंड, आणि एक्सल दोन, प्रत्येकी 6,000 चे. तुझे दाजी म्हणाले, बेरीज चुकली यांची. चुकली नव्हती. वरचे 2,000 ट्रकच्या पाठीवर जाणार, हे कंपनीने धरलेलंच असतं. नियमात बसतं गं, पण हाताशी काही राखून ठेवलेलं नाही. त्याच मॉडेलला 7,000 चे एक्सल मिळत असतील तर भिंतीवरच्या दुसऱ्या टीव्हीचे पैसे तिकडे घाल. आणि जीएडब्ल्यूआर नुसत्या लोखंडी दांड्याचा नसतो. टायर, रिम, स्प्रिंग, एक्सल यांत जे सगळ्यात कच्चं, त्यावर तो ठरतो.

ट्रकचं पिवळं स्टिकर ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर आहे. माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांच्या वर नको, असं त्यावर लिहिलेलं असतं. आमच्या डिझेल ट्रकवर आकडा होता 2,350. हो, डिझेल! ओढायला दांडगा, पण इंजिनच जड, म्हणून पाठीवर घ्यायला उलट कमी उरतं. ब्रोशरमध्ये पिन वेट 2,000 छापलेलं, ते रिकाम्या ट्रेलरचं. भरलेल्या 14,000 चे 20 टक्के म्हणजे 2,800. ट्रेलर जोडायला ट्रकमध्ये बसवलेला हिच 150. आम्ही चौघं 600. झाले 3,550. पाठीची ताकद 2,350. हा हिशेब मी वाण्याच्या बिलामागे पाच मिनिटांत केला, पण ट्रेलर घेतल्यावर दोन वर्षांनी.

कारण मध्ये जुलैत टायर फुटला. आय-10 वर, कर्व्हिल मागे टाकून पश्चिमेकडे निघालो होतो. ट्रेलरचा डावीकडचा पुढचा टायर गेला आणि जाताना त्याच्या पट्ट्यांनी वरचा पत्रा, वायरी नि पाण्याचा पाइप सोलून काढला. रस्त्याकडेला उभी राहून मी वाहून जाणारं पाणी बघत होते. साठ गॅलनची टाकी आम्ही घरूनच भरून निघायचो. एक गॅलन पाणी 8.34 पौंड, म्हणजे 500 पौंड नुसतं पाणी! त्यात तांदळाच्या 20 पौंडी दोन पिशव्या, वेट ग्राइंडर, आईचा बिडाचा तवा आणि एकदाही न वापरलेला दगडी खलबत्ता.

घरी आल्यावर ट्रकस्टॉपवरच्या कॅट स्केलवर गेलो, तसंच सगळं भरून. तिथे काट्याचे तीन भाग असतात: ट्रकची पुढची चाकं, मागची चाकं, ट्रेलरची चाकं. आधी जोडून वजन केलं, मग ट्रेलर सोडून नुसत्या ट्रकचं. नुसता ट्रक 8,460, जोडल्यावर तोच 11,360. फरक 2,900, तेच आमचं खरं पिन वेट. ट्रेलरच्या चाकांवर 11,550. म्हणजे एक्सल पास, पण पिनसकट ट्रेलर 14,450 भरला, आणि 10,000 ची मर्यादा असलेल्या ट्रकचं तर विचारूच नकोस.

तरी टायर का फुटला ते कळेना. मग लिव्हिंग्स्टनला एस्केपीज क्लबकडे गेलो, ते एकेका चाकाचं वजन करून देतात. डावं पुढचं चाक 3,310, उजवं 2,480. फ्रिज, शेगडी, फडताळ सगळं डाव्या स्लाइडमध्ये! टायरवर स्वच्छ लिहिलेलं, 80 पीएसआय हवेला 3,520 पौंड. आम्ही 65 च भरत होतो, गाडी कमी आदळते म्हणून. आणि कमी हवेला टायर पेलतोही कमीच.

मग पाणी मुक्कामाच्या जवळ भरायला लागलो, जड डबे उजवीकडे हलवले, खलबत्ता घरी ठेवला. सगळं मागे मात्र ढकलू नकोस, पिन फार हलकी झाली की ट्रेलर रस्त्यावर शेपूट हलवतो. कुणी म्हणेल, ट्रकला एअरबॅग बसवा. त्याने ट्रकची वाकलेली पाठ सरळ दिसते, स्टिकरवरचा आकडा तोच राहतो. आम्ही शेवटी मागे चार चाकांचा एक टनी ट्रक घेतला, तोही 14,000 चा. मग टेक्सासच्या नियमाप्रमाणे दोघांची बेरीज 26,000 च्या वर गेली आणि दाजींना पन्नाशीत क्लास ए लायसन्सची परीक्षा द्यावी लागली. पहिल्यांदा नापास झाले, पण ते तू त्यांच्यासमोर काढू नकोस.

शनिवारी डीलरकडे जाशील तेव्हा ट्रेलरच्या स्टिकरचा, टायरच्या बाजूचा आणि तुमच्या ट्रकच्या दारातल्या पिवळ्या स्टिकरचा फोटो काढून मला पाठव. मी बेरीज करून फोन करते. तोवर पेन हातात घेऊ नकोस.