बसलेला आवाज

आमच्या वाडीत एक गृहस्थ होते. विडी ओढायचे, तंबाखूही खायचे. एका पावसाळ्यात त्यांचा आवाज बसला. म्हणाले, "गुरुजी, घसा धरलाय." मी म्हटलं, "खडीसाखर चघळा." पण आवाज सुटला नाही. दिवाळीत मानेला गाठ दिसली. पुढे श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. शिमग्यात एका रात्री त्यांचा श्वास कोंडला आणि सारं संपलं. लोक म्हणाले, "बाहेरची बाधा!"

ती बाधा नव्हती. तो घशाचा कर्करोग होता.

हे कसे घडते? आपल्या मानेत पुढच्या बाजूला श्वासनळी असते. तिच्या वरच्या टोकाला स्वरयंत्र असते. तिथे कर्करोग झाला की आधी आवाज बदलतो. मग गाठ वाढते. श्वासाची वाट अरुंद होते. बागेतला पाट आठवा. बाजूची माती ढासळली तरी पाणी वाहत राहते. मग एखादं पान आडवं येतं आणि पाणी थांबतं. घशातही तसंच होतं. थोडी सूज, थोडं रक्त, कफाचा एक बेडका एवढंही पुरतं. मरण अचानक आल्यासारखे वाटते. पण रोगाने आधी पुष्कळ हाका मारलेल्या असतात.

त्या हाका ओळखा. तीन आठवडे आवाज बसलेला राहणे. तोंडातली जखम दोन आठवड्यांत न भरणे. तोंडात लाल किंवा पांढरा चट्टा. गिळताना त्रास. मानेत गाठ. यातली एक खूण दिसली तरी डॉक्टरांना दाखवा.

श्वासाला शिट्टी वाजू लागली, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. रोग्याला आडवा निजवू नका, बसवून ठेवा. पाणी पाजू नका. डॉक्टर गळ्याला छिद्र पाडून नळी बसवू शकतात. तिच्यातून श्वास चालतो आणि उपचाराला वेळ मिळतो.

या रोगाचे मोठे कारण तंबाखू. विडी, गुटखा, मिश्री ही तिचीच रूपे. दारूची जोड मिळाली की धोका आणखी वाढतो. आपले माजी गृहमंत्री आर. आर. पाटील २०१५ साली तोंडाच्या कर्करोगाने गेले. शरद पवारांना २००४ साली तोंडाचाच कर्करोग झाला. त्यांनी उपचार घेतले आणि पुढे अनेक वर्षे काम केले. मुंबईत परळला टाटा रुग्णालय १९४१ पासून हेच काम करीत आहे. आपल्या जिल्ह्यातही डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात तपासणी होते.

तुमच्या वाडीत कुणाचा आवाज बसला आहे का? आजच विचारा, "किती दिवस झाले?" तीन आठवडे झाले असतील, तर खडीसाखर देऊ नका. बरोबर जा आणि डॉक्टरांना दाखवा. मी गेलो नाही, ते आजही मनाला लागते.