मुलगा की मुलगी? : नेटी स्टीव्हन्स यांचे संशोधन

आमच्या नात्यातील एका घरी तिसरी मुलगी झाली. "हिच्या पोटातच दोष," असे सासूबाई चारचौघांत बोलल्या. शिकलेला नवरा गप्प राहिला. मीही तिथेच होतो. मीही गप्प राहिलो. खरे तर या प्रश्नाचे उत्तर १९०५ सालीच मिळाले आहे.

ते शोधणाऱ्या नेटी मारिया स्टीव्हन्स यांचा जन्म १८६१ मध्ये अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात झाला. वडील सुतार. शिक्षिकेची नोकरी करून त्या १८९६ मध्ये, पस्तिसाव्या वर्षी, स्टॅनफर्ड विद्यापीठात दाखल झाल्या. एक वर्ष वाया गेले म्हणून खचणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे वय ध्यानात ठेवावे. पुढे १९०३ मध्ये ब्रिन मॉर या महिला महाविद्यालयातून त्यांनी डॉक्टरेट मिळविली.

गर्भाचे लिंग आईच्या आहारावर ठरते, असे त्या काळी पुष्कळ शास्त्रज्ञही मानीत. बाईंनी पिठात होणारा भुंगेरा सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. मी कला शाखेचा पदवीधर. पण आकडे जुळविणे हे बँकेतले रोजचे काम, म्हणून त्यांचा हिशेब मला चटकन उमगला. मादीच्या पेशीत २० मोठी गुणसूत्रे. नराच्या पेशीत १९ मोठी व १ लहान. बीज तयार होताना ही संख्या निम्मी होते. म्हणून मादीचे प्रत्येक बीज १० मोठ्या गुणसूत्रांचे. नराची बीजे मात्र दोन प्रकारची : निम्म्यांत १० मोठी, निम्म्यांत ९ मोठी व १ लहान. लहान गुणसूत्राचे बीज जुळले तर नर, एरवी मादी. माणसातही आई नेहमी एक्स देते. वडील एक्स किंवा वाय देतात. यातले काय जुळावे हे त्यांच्याही हाती नसते. मग दोष कोणाला देणार?

एडमंड विल्सन यांनीही त्याच वर्षी स्वतंत्रपणे असाच निष्कर्ष मांडला, आणि पुष्कळ काळ नाव त्यांचेच अधिक झाले. स्टीव्हन्स १९१२ मध्ये कर्करोगाने वारल्या.

गर्भाच्या जननग्रंथी पहिले सहा आठवडे सारख्याच दिसतात. त्यांतून वृषण घडविणारे वाय गुणसूत्रावरील एसआरवाय जनुक १९९० मध्ये लंडनच्या संशोधकांनी शोधले.

ती तिसरी मुलगी यंदा दहावीला आहे. तिच्या वहीतली एक्स-वायची आकृती मी तिच्या आजीला समजावून सांगितली. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे तेव्हाच का नाही सांगितलंस?"