घरगुती गॅस-ओव्हन : निवड आणि वापर

आपल्याकडे गॅस-ओव्हन बहुधा सिलिंडरवर चालतो. सिलिंडरमधील वायू म्हणजे मुख्यतः प्रोपेन व ब्यूटेन यांचे मिश्रण. तो हवेहून दीडपट ते दुप्पट जड असल्याने गळाल्यास तळाशी साचतो. हवेत त्याचे प्रमाण शेकडा २ च्या आसपास गेले, तरी एका ठिणगीने भडका उडू शकतो.

म्हणून ओव्हन निवडताना, ज्योत विझताच वायू आपोआप बंद करणारी झडप त्यात आहे की नाही, हे प्रथम पाहावे. काडीने पेटवावयाचा ओव्हन असल्यास दार पूर्ण उघडावे, आधी काडी पेटवावी आणि मगच चावी फिरवावी. ज्योत न धरल्यास चावी लगेच बंद करावी. दार व खिडक्या उघड्या ठेवून वास पूर्ण गेल्यावरच पुन्हा प्रयत्न करावा. तोवर विजेच्या बटणाला हात लावू नये.

ज्योत निळी व स्थिर असावी. पिवळी, काजळी धरणारी ज्योत हवा अपुरी असल्याचे दर्शविते. अशा अपूर्ण ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निर्माण होतो. गळती कळावी म्हणून सिलिंडरच्या वायूत उग्र वासाचे द्रव्य मिसळलेले असते. कार्बन मोनॉक्साइडला मात्र वासच नसतो. त्यापासून रक्षण करते ती उघडी खिडकी आणि स्वच्छ राखलेला बर्नर.