‘दत्त आहे’ म्हणण्याला अर्थ काय?

जगाविषयीचं जे वाक्य अनुभवाने पडताळण्याची सोयच नाही, ते खोटंही नाही, त्याला अर्थच नाही, असं इंग्रज तत्त्वज्ञ ए. जे. एअर यांनी १९३६ साली मांडलं. (मग ‘देव नाही’ हेही निरर्थकच, हे त्यांनीच कबूल केलं!) आपल्या नागपुरात दि. य. देशपांडे यांनी १९९० मध्ये ‘आजचा सुधारक’ काढला आणि श्रद्धेला पुरावा मागितला. भाविकांनी रागावू नये. प्रश्न रास्त आहे.

दत्तसंप्रदायाला अनुभवाचं वावडं कधीच नव्हतं. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो, ते सगळे याच जगातले. त्यातली धान कांडणारी कुमारी पाहा. घरी पाहुणे आलेले, कांडताना कांकणं वाजतात, म्हणून लाजून ती एकेक उतरवते. दोन्ही हातांत एकेकच उरतं तेव्हा आवाज थांबतो. चिचगडच्या धानपट्ट्यातल्या आजीबाईंना हे समजावून सांगायला नको. ‘एकांत धरावा’ या उपदेशाचा पडताळा घरीच घेता येतो. चार दिवस बसून पाहावं.

पण आरतीनंतर आपण ‘दत्ता, धाव’ म्हणतो, त्याचं काय? ती हाक आहे. हाकेला खरं-खोटं लागू होत नाही. ब्रेथवेट या तत्त्वज्ञांनी १९५५ मध्ये सांगितलं की धर्मवचनाचा अर्थ मुख्यतः तसं वागण्याचा निश्चय. मला हे अर्धंच पटतं. वागणूक दिसते, तपासता येते, हे कबूल. पण हाक मारणारा माणूस, कोणीतरी ऐकतंय असं धरूनच हाक मारतो ना? ते ऐकणं मला कोणाला दाखवता येत नाही. हाक मात्र चालूच आहे.